चेंडू मोजा, कंबर जपा

वार्षिक परीक्षा संपल्या की आपल्या भागातली सगळी मैदाने एकाएकी जागी होतात. सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर उन्हाळी क्रिकेट शिबिर, संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलचा डाव आणि रात्री कुणाच्या तरी स्मरणार्थ भरवलेल्या चषकाचे दिव्यांच्या उजेडातले सामने. मुले घराबाहेर पडतात, घाम गाळतात, हे डॉक्टर म्हणून मला मनापासून आवडते. मोबाइलमध्ये मान घालून बसण्यापेक्षा हे केव्हाही बरे. पण साधारण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून माझ्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचा पेशंट येऊ लागतो. वय तेरा ते एकोणीस, अंगाने सडपातळ, उंची नुकतीच वाढलेली, आणि तक्रार एकच: कंबर दुखते. मी विचारतो, "फास्ट टाकतोस का रे?" उत्तर बहुतेक वेळा 'हो' असेच येते.

फलंदाजी करणारी किंवा फिरकी टाकणारी मुले कंबर धरून क्वचितच येतात. वेगवान गोलंदाजाच्या कमरेचे असे काय होते, ते कसे टाळता येईल आणि वेग वाढवायचा असेल तर सुरुवात कुठून करावी, हे आज पाहू. वाचकहो, घरात एखादा होतकरू गोलंदाज असेल तर हा लेख त्यालाही वाचायला द्या आणि जमल्यास त्याच्या प्रशिक्षकांनाही.

एका चेंडूचे ओझे

वेगवान गोलंदाज धावत येतो, उडी घेतो, मागचा पाय टेकवतो आणि लगेच पुढचा पाय जमिनीत रोवून चेंडू सोडतो. हा पुढचा पाय आदळतो त्या क्षणी त्यावर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही अधिक भार येतो. जमिनीत बसवलेल्या यंत्रांवर हे मोजले गेले आहे. आता हिशेब करा. मुलाचे वजन ५० किलो असेल तर एका चेंडूला किमान अडीचशे किलो, म्हणजे धान्याची पन्नास किलोची पाच पोती एका पायावर! त्याच क्षणी त्याची कंबर मागे वाकलेली असते, एका बाजूला झुकलेली असते आणि पिळलेलीही असते. ओली सतरंजी पिळताना तिला जसा पीळ बसतो तसाच हा प्रकार. कमरेत पाच मणके असतात. त्यातल्या खालच्या दोन-तीन मणक्यांना हा भार सर्वांत जास्त सोसावा लागतो.

प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला, वरचा सांधा आणि खालचा सांधा यांना जोडणारी हाडाची एक अरुंद पट्टी असते. मणक्याची सगळ्यात नाजूक जागा हीच. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या बाबतीत बहुधा डाव्या बाजूच्या पट्टीला त्रास होतो आणि डावखुऱ्याच्या बाबतीत उजव्या. तेथे केसासारखी बारीक चीर पडते. तिला आम्ही स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. पडल्या-धडपडल्याने हाड मोडते तसे हे नव्हे. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका जागी तुटते, तसे हे रोज थोडे थोडे घडत जाते.

हाडाला तडा का जातो?

हाड म्हणजे निर्जीव दगड, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. हाड जिवंत असते आणि ते स्वतःची डागडुजी सतत करत असते. जास्त भार पडला की शरीर तेथील जुने, थकलेले हाड आधी काढून टाकते आणि मग त्या जागी नवे, अधिक मजबूत हाड भरते. आपल्याकडे रस्त्याचे काम कसे चालते? आधी खोदकाम होते, डांबर नंतर पडते. या खोदलेल्या अवस्थेत रस्त्यावरून मालाने भरलेले ट्रक धावू लागले तर काय होईल? मुलाच्या मणक्याचे नेमके तेच होते. खोदकाम झालेले असते, नवे हाड भरायला काही महिने लागणार असतात, आणि मुलगा रोज शेकडो चेंडू टाकत असतो.

यात आणखी एक गोम आहे. व्यायामाने स्नायू सहा-आठ आठवड्यांत दणकट होतात. हाड मात्र सावकाश घट्ट होते. मुलाला अंगात ताकद आल्यासारखी वाटते, वेगही वाढतो, पण आतले हाड त्या वेगाला अजून तयार नसते. कमरेचे मणके पुरते पक्के व्हायला विशी उलटावी लागते. म्हणून हा आजार तेरा ते बावीस-तेवीस या वयात जास्त दिसतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ८२ तरुण वेगवान गोलंदाजांवर एक पूर्ण हंगाम लक्ष ठेवले आणि १९८९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या एका हंगामात ११ टक्के मुलांच्या मणक्याला तडा गेला. शिवाय २७ टक्के मुलांच्या पाठीचे स्नायू वगैरे दुखावून त्यांना किमान एक सामना सोडावा लागला. ही मुले चांगल्या प्रशिक्षकांच्या हाताखालची होती. आपल्याकडे सिमेंटच्या पट्टीवर, तळ झिजलेले कॅनव्हास बूट घालून टाकणाऱ्या मुलांचा विचार यावरून करावा.

एक्स-रे चांगला, तरी दुखणे खरे

गेल्या जूनमधले एक उदाहरण सांगतो. पंधरा वर्षांचा मुलगा, वडील टेम्पो चालवतात. वडीलच बोलत होते. "डॉक्टरसाहेब, उसण भरलीय बहुतेक. दोनदा मालिश केली, बाम लावला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. गोळी घेतली की दोन दिवस टाकतो, मग पुन्हा तेच."

मुलाला मी आधी उजव्या पायावर उभे राहून मागे वाकायला सांगितले. काही झाले नाही. मग डाव्या पायावर उभे राहून तसेच वाकायला सांगितले. त्याने ओठ चावले आणि कमरेच्या डाव्या बाजूला एका बोटाने जागा दाखवली. या चाचणीने निदान पक्के होत नाही, पण अशा वयाच्या गोलंदाजात शंका मात्र घ्यावी लागते.

मग मी चेंडूंचा हिशेब मांडला. शाळा चालू असताना तो आठवड्यातून दोन दिवस मिळून १५ षटके टाकत होता, म्हणजे ९० चेंडू. सुट्टी लागल्यावर सकाळी शिबिरात आठ षटके, संध्याकाळी टेनिस बॉलने सहा षटके, असे सहा दिवस. रविवारी तीन सामन्यांत मिळून नऊ षटके. बेरीज झाली ९३ षटके, म्हणजे आठवड्याला ५५८ चेंडू! एका आठवड्यात कामाचा बोजा सहापटीने वाढला. गाडीला बारा टनांची परवानगी असताना कुणी बहात्तर टन भरतो का, असे विचारल्यावर वडिलांच्या लक्षात सगळे आले.

एक्स-रे काढला तो चांगला आला. वडिलांना हायसे वाटले. "मग खेळू द्या की साहेब, पुढच्या महिन्यात सोळा वर्षांखालची निवड आहे." येथेच पुष्कळांची गल्लत होते. सुरुवातीच्या काळात ही चीर साध्या एक्स-रेत दिसत नाही. ती पाहायला एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो. खर्चाचा आकडा ऐकून वडील थोडा वेळ गप्प बसले. पण दुसऱ्याच दिवशी मुलाला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. एमआरआयमध्ये पाचव्या मणक्याच्या डाव्या बाजूला ताजी चीर निघाली.

संध्याकाळी मुलाची आई आली. तिचा प्रश्न एवढाच होता, "त्याचं क्रिकेट संपलं का हो?" मी सांगितले, "संपलं नाही ताई. पण आता थांबला नाही तर संपेल." साडेचार महिने गोलंदाजी पूर्ण बंद. पहिल्या टप्प्यात धावणेही बंद. नंतर ठरवून दिलेले व्यायाम. निवड हुकली, मुलगा रडलाही. पण चीर भरून आली आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा टाकू लागला.

दुसरा मुलगा वीस वर्षांचा. त्याने दोन वर्षे गोळ्या आणि कमरेचा पट्टा यांवर काढली होती. मोठे सामने आले की पट्टा आवळायचा आणि टाकायचे. तो तपासणीला आला तेव्हा चिरेच्या दोन्ही कडा गुळगुळीत झाल्या होत्या. अशा कडा आपोआप पुन्हा सांधत नाहीत. आज तो फलंदाजी करतो, अधूनमधून ऑफस्पिन टाकतो, नोकरीही करतो. रोजच्या व्यवहारात त्याला फारसा त्रास नाही. वेगवान गोलंदाज व्हायचे त्याचे मन मात्र मारावे लागले. दोघांच्या दुखण्यात मुळात फरक नव्हता. एकाचे दुखणे सहा आठवड्यांत कळले आणि दुसऱ्याचे दोन वर्षांनी, एवढाच काय तो फरक.

मोठ्यांनाही चुकले नाही

असे झाले म्हणजे मुलगा नाजूक आहे, असे समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीचे उदाहरण घ्या. १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्याच्या पाठीच्या मणक्यांना तडे गेले. सहा आठवडे त्याच्या धडाभोवती प्लास्टर होते. त्यानंतर वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील डॉ. फ्रँक पाइक यांच्या देखरेखीखाली त्याने महिनोन्‌महिने शिस्तीने व्यायाम केला. १९७४-७५ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत तो परतला आणि २५ बळी घेतले. १९८४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३५५ कसोटी बळी होते आणि तो त्या वेळचा विक्रम होता.

आपल्या जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये याच दुखण्याने गाठले. २०२२ मध्ये पाठीने पुन्हा उचल खाल्ली आणि ऑस्ट्रेलियातील टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला. मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली, ऑगस्टमध्ये तो आयर्लंडमध्ये पुन्हा खेळला, आणि २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक आपण जिंकला तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दिमतीला डॉक्टर, फिजिओ आणि सगळी यंत्रे असलेल्या माणसाची ही कथा. आपल्या मुलांजवळ यातले काहीच नसते, तेव्हा त्यांना सावधगिरी जास्तच हवी.

ॲक्शन ज्याची त्याची

सध्या गल्लीतला दर तिसरा मुलगा बुमराहसारखा हात ताठ धरून टाकताना दिसतो. नक्कल करण्यात मजा असते, पण ती ॲक्शन बुमराहच्या अंगाची आहे. त्याचे कोपर नेहमीपेक्षा जास्त मागे वळते, ती त्याची जन्मजात ठेवण. तुमच्या मुलाचे कोपर, खांदा, कंबर वेगळी. १९८० च्या दशकातला वेस्ट इंडीजचा संघ आठवा. जोएल गार्नर सहा फूट आठ इंच उंच आणि माल्कम मार्शल सहा फुटांनाही इंचभर कमी. दोघेही फलंदाजांचे काळ. मार्शल गार्नरसारखे टाकायला गेला असता, किंवा गार्नर मार्शलसारखे, तर जगाला दोघेही दिसले नसते.

जाणता प्रशिक्षक माणूस पाहून शिकवतो. १९८७ मध्ये मद्रासला एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झाले आणि लिली तेथे शिकवू लागला. वेगवान गोलंदाज व्हायचे म्हणून मुंबईहून एक लहान चणीचा मुलगा तेथे गेला होता. लिलीने त्याला फलंदाजीकडे लक्ष द्यायला सांगितले. तो मुलगा सचिन तेंडुलकर. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खानही पुढे त्याच संस्थेत तयार झाला. त्याने २००६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळताना एका हंगामात ७८ बळी घेतले. त्या सुमारास त्याने आपली धाव आखूड केली होती. न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडलीनेही भर कारकिर्दीत धाव आखूड केली आणि पुढे कित्येक वर्षे टिकला. धाव लांब असली की वेग जास्त, असे मानणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

क्रिकेटच कशाला, शरीराला पीळ देऊन फटका मारायच्या किंवा फेकायच्या सगळ्याच खेळांना हे लागू आहे. गोल्फमधला टायगर वुड्स जगातला अव्वल खेळाडू, पण त्या फटक्यांच्या पिळाने त्याची कंबर गेली आणि २०१७ मध्ये मणके जोडायची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर शरीराला झेपेल असा फटका त्याने बसवला आणि एप्रिल २०१९ मध्ये मास्टर्स स्पर्धा जिंकली.

आधी शरीर तपासा

शिबिरात साठ मुले असतात. सगळ्यांना मैदानाच्या पाच फेऱ्या, पन्नास उठाबशा आणि मग नेट. हे म्हणजे दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला एकच गोळी दिल्यासारखे झाले. असा डॉक्टर तुम्हाला चालेल का? प्रत्येक गोलंदाजाची घट्ट जागा वेगळी आणि कच्ची जागा वेगळी. ती शोधायला यंत्र लागत नाही. पुढच्या पाच चाचण्या कुणालाही करता येतील. अर्थात, आधीच कंबर दुखत असेल तर घरी प्रयोग करू नका.

१. एका पायावर उभे राहून हळूहळू अर्धी बैठक, पाच वेळा. गुडघा आतल्या बाजूला वळतो का, कंबर एका बाजूला कलते का, ते पाहा. तसे झाले तर नितंबाचे स्नायू कच्चे आहेत. चेंडू टाकतानाही त्याचे धड असेच एका बाजूला पडणार.

२. उताणे झोपून गुडघा न वाकवता एक पाय वर उचलणे. पाय जवळजवळ काटकोनात यायला हवा. अर्ध्यातच अडकला तर मांडीच्या मागच्या शिरा आखडल्या आहेत, असे आपण बोली भाषेत म्हणतो. खरे तर ते स्नायू असतात. उंची झपाट्याने वाढणाऱ्या मुलांत हे हमखास आढळते.

३. भिंतीपासून साधारण पाच बोटे अंतरावर पायाचा अंगठा ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावणे. लागत नसेल तर घोटा आखडलेला आहे.

४. कुशीवर होऊन एका कोपरावर आणि पायाच्या कडेवर शरीर फळीसारखे सरळ उचलून धरणे. पाऊण मिनिट ते एक मिनिट जमावे आणि दोन्ही बाजूंना सारखे जमावे. हे स्नायू कमरेचा खरा पट्टा आहेत. बाजारातला पट्टा त्यांची जागा घेऊ शकत नाही.

५. खुर्चीत बसून, हात छातीवर घडी करून धड डावीकडे आणि उजवीकडे वळवणे. एका बाजूला कमी वळत असेल तर पाठीचा वरचा भाग आखडला आहे. वरचा भाग वळला नाही की त्याचे काम कमरेला करावे लागते.

ज्या चाचणीत मुलगा कमी पडला तोच त्याचा गृहपाठ. घोटा आखडलेल्याने घोट्याचा ताण द्यावा, नितंब कच्चे असलेल्याने एका पायाच्या बैठका आणि उताणे झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम करावा. गुडघे आणि तळहात टेकून, उजवा हात व डावा पाय एकदम सरळ लांबवायचा आणि मग उलट, हा व्यायाम सगळ्यांनाच चांगला. दिवसाआड वीस मिनिटे पुरेत. दोन महिन्यांनी चाचण्या पुन्हा घ्या आणि फरक लिहून ठेवा.

आपले सूर्यनमस्कार, जोर, बैठका हे उत्तम व्यायाम आहेत आणि निरोगी मुलाने ते जरूर करावेत. पण कंबर दुखू लागल्यावर घरातली वडीलधारी मंडळी प्रेमाने भुजंगासन, धनुरासन, चक्रासन सुचवतात. वेगवान गोलंदाजाच्या दुखऱ्या कमरेला मागे वाकवणे म्हणजे चिरेवर पाचर ठोकणे. निदान होईपर्यंत ही आसने बंद ठेवा.

प्रशिक्षकांना दोन शब्द

गोलंदाजाचे धड आडवे असावे की समोर, यावर मैदानावर वाद रंगतात. खांदे आणि कंबर दोन्ही आडवे असतील तरी चालते, दोन्ही फलंदाजाकडे तोंड करून असतील तरी चालते. धोका असतो तो मिसळीत. मागचा पाय टेकताना कंबर समोर आणि खांदे आडवे, किंवा चेंडू सोडण्याआधी खांदे एकदम मागे फिरतात, अशा ॲक्शनमध्ये कमरेला पीळ बसतो. पाठीच्या दुखापतींशी या मिसळ ॲक्शनचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

हे डोळ्याने दिसत नाही, कारण सगळे क्षणात घडते. पण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मुलाच्या मागून आणि बाजूने मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करा. मागचा पाय टेकतो त्या क्षणी चित्र थांबवा आणि पावलाची दिशा, कंबर व खांदे जुळतात का पाहा. पुढचा पाय टेकतो तेव्हा धड किती एका बाजूला झुकते तेही पाहा. मग चाचण्यांची वही उघडा. पुष्कळदा असे आढळेल की मुलगा सांगितलेले ऐकत नाही असे नसून त्याचे शरीरच तसे वळू शकत नाही. आखडलेल्या घोट्याच्या आणि कच्च्या नितंबाच्या मुलाला 'धड सरळ ठेव' असे शंभर वेळा ओरडून सांगितले तरी उपयोग नाही. आधी घोटा आणि नितंब यांवर काम, मग ॲक्शन.

ॲक्शनमध्ये बदल करायचा तो हंगाम संपल्यावर. आधी चालत, मग चार पावलांवरून, मग अर्ध्या धावेने. स्पर्धेच्या आठवड्यात काहीही बदलू नये. आणि जी ॲक्शन दिसायला विचित्र आहे पण मुलाला दुखत नाही, चेंडू टप्प्यावर पडतो आणि कमरेला जादा पीळ बसत नाही, ती उगीच सुधारायला जाऊ नये.

चेंडूंची वही

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांसाठी षटकांची मर्यादा घालून दिली आहे. तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाने एका दमात ५ आणि दिवसात १० षटके, पंधरा वर्षांखालील मुलाने एका दमात ६ आणि दिवसात १२, सतरा वर्षांखालील मुलाने एका दमात ७ आणि दिवसात १८, यापेक्षा जास्त टाकू नयेत. आपल्याकडे एवढे पाळले तरी निम्मे काम होईल.

त्यात माझी भर अशी. नेटमधले चेंडूही मोजा, कारण कमरेला सामना आणि सराव यांतला फरक कळत नाही. टेनिस बॉलचेही मोजा. चेंडू हलका म्हणून त्रास नाही, हा गैरसमज आहे. भार येतो तो पाय आदळण्याने, चेंडूच्या वजनाने नव्हे. उलट हलका चेंडू वेगात काढायला मुले जास्तच जोर लावतात. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त वेगवान गोलंदाजी नको, आठवड्यात किमान दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी आणि वर्षातून दोन-तीन महिने चेंडू हातात घेऊ नये. त्या काळात पोहा, कबड्डी-खो-खो खेळा. मागच्या आठवड्यात शंभर चेंडू टाकले असतील तर या आठवड्यात एकशे दहा ठीक, तीनशे नकोत. सुट्टीतल्या शिबिराची तयारी म्हणून मार्चपासूनच थोडे थोडे टाकत राहावे, म्हणजे हाडाला वेळ मिळतो.

मोठ्या टाचेचा, तळ शाबूत असलेला बूट हवा. सिमेंटवर रोज टाकण्यापेक्षा मातीवर किंवा मॅटिंगवर टाकलेले बरे.

खाणे आणि झोप

कपिल देवचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. लहान वयात मुंबईतल्या एका शिबिरात जेवण अपुरे पडते म्हणून त्याने तक्रार केली, आपण वेगवान गोलंदाज आहोत असे सांगितले, तेव्हा तेथील अधिकाऱ्याने त्याला हसण्यावारी नेले. पुढे तोच मुलगा १३१ कसोटी खेळला, ४३४ बळी घेतले आणि दुखापतीमुळे त्याने एकही कसोटी चुकवली नाही. पोटभर जेवण मागण्यात त्याचे चुकले नव्हते.

चहा-बिस्किटावर मैदानात जाणाऱ्या मुलाचे हाड कशाने भरणार? नाचणी, तीळ, दूध, दही यांतून कॅल्शियम मिळते. डाळी, उसळी, शेंगदाणे, फुटाणे आणि खात असाल तर अंडी व मासे यांतून प्रथिने मिळतात. ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. जिममध्ये कुणी सांगितले म्हणून हजारोंचे डबे आणू नका. झोप आठ-नऊ तास हवी, कारण हाडाची डागडुजी विश्रांतीत होते. रात्री बारापर्यंत सामना आणि पहाटे सहाला नेट, हे गणित जमत नाही.

मुलीही आता मोठ्या संख्येने वेगवान गोलंदाजी करू लागल्या आहेत. झूलन गोस्वामी २०२२ मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर एकदिवसीय सामन्यांत २५५ बळी होते. खेळणाऱ्या मुलीची पाळी काही महिने आली नाही तर ते लपवू नये. खाणे कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्याने हाडे ठिसूळ होतात.

डॉक्टरांकडे केव्हा?

वेगवान गोलंदाजाची कंबर एका बाजूला दुखत असेल, टाकताना किंवा मागे वाकताना वाढत असेल आणि दहा दिवसांत थांबली नसेल तर डॉक्टरांना दाखवा. तोवर गोलंदाजी बंद. वेदनाशामक गोळी घेऊन टाकणे म्हणजे घरात आग लागली असताना फक्त भोंगा बंद करण्यासारखे आहे. कमरेवर दणकून मालिश किंवा झटका देऊन मणका 'बसवणे' टाळा. दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री झोपेतून जाग येण्याइतके दुखत असेल तर उशीर नको. आपल्या देशात मणक्याचा क्षय अजून पुष्कळ आढळतो. पायात मुंग्या येणे, पाय लुळा पडणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलगा दुखणे लपवतो ते संघातून नाव जाईल या भीतीने. ती भीती आपणच घातलेली असते. दहा-वीस रुपयांची एक वही आणून द्या, रोज टाकलेले चेंडू आणि कमरेची तक्रार त्यात लिहायला सांगा, आणि आठवड्यातून एकदा ती शांतपणे पाहा. मुलगा मैदानावरून घरी आला की किती विकेट काढल्या हे आपण विचारतोच. आजपासून किती चेंडू टाकले, हेही विचारा.